मिग-21: वेग कुणाच्या खात्यातून आला?

(भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी, बोललो ते जवळजवळ तसंच खाली दिलंय. ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधला आईचा आवाज तेवढा काढलाय.)

आजचा भाग पुण्याच्या खोलीतून नाही, घरून रेकॉर्ड करतोय. दिवाळीला गावी आलोय. घर केळापूर तालुक्यात. बाहेरच्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो: तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूरला जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात तिकडे पाय ठेवायला जागा नसते. मागे ट्रकचे आवाज आले तर समजून घ्या, नागपूर-हैदराबाद हायवे जवळच आहे.

या हायवेवरून एक हिशोब करू. पांढरकवडा ते नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. एसटीने तीन-साडेतीन तास, ड्रायव्हर चहाला थांबला तर जास्त. आता हेच अंतर आवाजाच्या दुप्पट वेगाने कापायचं. उंचावरच्या थंड हवेत तो वेग ताशी सुमारे 2,100 किलोमीटर भरतो, म्हणजे मिनिटाला 35 किलोमीटर. सव्वाचार मिनिटांत नागपूर. चहा तर सोडाच, कंडक्टरचं तिकीट फाडून होणार नाही.

हे करू शकणारं विमान आपल्याकडे 1963 साली आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं. मिग-21. बासष्ट वर्षं! त्या दिवशी तुमच्याही फोनवर रील्स आल्या असतील. अर्ध्या रील्समध्ये ‘आकाशाचा राजा’, अर्ध्यांमध्ये ‘उडती शवपेटी’. मला दोन्ही शब्द आवडत नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला तिसराच प्रश्न पडतो: याची रिक्वायरमेंट काय होती?

आणि एक घरचं कारणही आहे. माझे मामा यवतमाळला आयटीआय करून 1980 च्या सुमारास नाशिकजवळ ओझरला फिटर म्हणून लागले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या त्याच कारखान्यात मिग-21 बनत होतं. 1962 च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि 1964 साली कारखाना ओझरला आला. इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, विमान ओझरला. पाचशेहून जास्त मिग-21 तिथून बाहेर पडली. मामा रिटायर होऊन आता गावीच असतात. या भागातली निम्मी माहिती पुस्तकांतली, निम्मी त्यांच्या ओसरीवरची.

तर रिक्वायरमेंट. काळ 1950 च्या दशकातला. भीती कशाची, तर अणुबॉम्ब घेऊन खूप उंचावरून येणाऱ्या बॉम्बर विमानाची. समजा ते ताशी 900 किलोमीटरने येतंय, म्हणजे मिनिटाला 15. जमिनीवरच्या रडारला ते 300 किलोमीटरवर दिसलं. तुमच्या हातात किती वेळ? वीस मिनिटं. त्यात भोंगा वाजणार, वैमानिक पळत जाऊन बसणार, इंजिन सुरू, उड्डाण, पंधरा किलोमीटर वर चढायचं, शत्रूपर्यंत पोचायचं आणि एक-दोन क्षेपणास्त्रं सोडायची. मग घरी. या कामासाठीच्या विमानाला इंटरसेप्टर म्हणतात, म्हणजे वाटेत अडवणारं.

लक्षात आलं ना? हा खरं तर वेगाचा प्रश्न नाहीच, घड्याळाचा आहे. विमान रात्रभर गस्त घालणार नाही. लांब जाणार नाही. झाडांच्या शेंड्यावरून जाऊन बॉम्बही टाकणार नाही. वर जायचं, मारायचं, खाली यायचं. एवढं एकच काम दिलं की डिझायनर बाकी सगळं सोडायला मोकळा होतो. मिकोयान आणि गुरेविच यांच्या ऑफिसने ते फार हुशारीने सोडलं.

आधी पंख, कारण मला सगळ्यात मजा इथे येते. आवाजाहून हळू जाताना विमानाच्या पुढे पुढे दाबाच्या लहरी जातात आणि हवा आधीच बाजूला सरकायला लागते. आपण बाजारात हॉर्न वाजवत जातो तसं. आवाजापेक्षा जोरात गेलात की हॉर्न तुमच्या मागे राहतो. हवेला खबरच नसते, ती एकदम दाबली जाते आणि शॉक वेव्ह तयार होते. तिच्यामुळे जो विरोध होतो तो पंखाच्या जाडीवर फार अवलंबून असतो. जाडी म्हणजे सेंटिमीटरमधली नाही, तर पंखाच्या पुढून-मागच्या रुंदीच्या प्रमाणातली. हे प्रमाण दुप्पट केलं तर विरोध साधारण चौपट. म्हणून पंख पातळ हवा.

पण पातळ पंखात इंधन कुठे भरणार, चाकं कुठे लपवणार, आणि तो मोडणार कसा नाही?

अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सनने उत्तर दिलं: काही भरायचंच नाही. त्याच्या एफ-104 स्टारफायटरचे पंख आखूड, सरळ आणि ब्लेडसारखे. जाडी रुंदीच्या 3.36 टक्के, सगळ्यात जाड जागी दहा-अकरा सेंटिमीटर. पुढची कड इतकी धारदार की जमिनीवर उभं असताना कामगारांना लागू नये म्हणून तिच्यावर टोप्या चढवायचे. इंधन, चाकं, सगळं अंगात. पंख हे नावाला पंख.

रशियनांनी दुसरी वाट धरली. त्रिकोणी पंख, डेल्टा. पुढची कड 57 अंश मागे कललेली. त्रिकोण अंगाला जिथे चिकटतो तिथे पुढून-मागे तो खूप रुंद असतो. म्हणून पाच टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण ठेवूनही सेंटिमीटरमध्ये बऱ्यापैकी जाडी मिळते. थोडं इंधन मावतं, मजबुती येते, वजन कमी राहतं. एकाच आकारात तिन्ही कामं. मला हे एखाद्या सुंदर डेटा स्ट्रक्चरसारखं वाटतं, आणि असं वाटलं की मी सावध होतो, कारण बिल कुठेतरी असतंच.

इथे बिल येतं कमी वेगात. डेल्टा पंखाला हळू जाताना उचल हवी असेल तर नाक बरंच वर धरावं लागतं. नाक वर केलं की विरोध वाढतो, वेग आणखी पडतो, मग इंजिनचा जोर वाढवा. जोरात वळण घेतलं तरी हेच, दोन वळणांत कमावलेला वेग गळून जातो. आणि उतरताना? मिग-21 धावपट्टीकडे ताशी तीनशेच्या वर वेगाने येतं. समृद्धी महामार्गावर गाडीला जेवढी परवानगी आहे त्याच्या अडीचपट, आणि समोर रस्ता संपणार आहे. म्हणून शेपटीतून ब्रेक पॅराशूट उघडायचं. मिग-21 ला मागे वेगळी आडवी शेपटी दिली होती, फ्रेंच मिराजला नव्हती. त्यामुळे मिगला पंखावर फ्लॅप लावता आले आणि उतरणं थोडं तरी माणसात आलं. थोडंच.

आता नाक. इंजिनाला आवाजाहून वेगवान हवा पचत नाही, तिचा वेग आधी कमी करून द्यावा लागतो. त्यासाठी मिगच्या तोंडात तो टोकदार शंकू असतो. शॉक वेव्ह शंकूवर बसते, हवा मंदावते, मग आत जाते. वेग वाढला की शंकू पुढे सरकतो. रडार कुठे ठेवायचं? तर त्याच शंकूत, दुसरी जागाच नाही. म्हणजे रडार मोठं हवं तर शंकू मोठा, शंकू मोठा तर तोंड मोठं, तोंड मोठं तर विरोध जास्त. सुरुवातीच्या प्रकारात जेमतेम अंतर मोजणारं छोटं रडार होतं. पुढच्या प्रकारात खरं रडार बसवायला नाक रुंद करावं लागलं, आणि वजन सावरायला तोफच काढून टाकली! ओझरला बनलेलं पहिलं मॉडेल, मिग-21 एफएल, असं होतं. रडारची नजर वीस किलोमीटरच्या आसपास, दोन क्षेपणास्त्रं, तोफ नाही.

आजच्या हिशोबाने ते आंधळं वाटेल. पण मूळ योजनेत डोळे जमिनीवर होते. खाली मोठं रडार, तिथे बसलेला कंट्रोलर रेडिओवर सांगणार: इतक्या अंशावर वळ, इतका चढ. वैमानिकाने शेवटचे वीस किलोमीटर सांभाळायचे. आपल्या भाषेत थिन क्लायंट. सर्व्हर चालू आहे तोवर सगळं झकास.

इंधनाचं सांगतो आणि तांत्रिक भाग आवरतो. आत साधारण अडीच-पावणेतीन हजार लिटर, म्हणजे दोन टनांच्या थोडं वर. आफ्टरबर्नर लावला, म्हणजे इंजिनच्या मागच्या नळीत आणखी इंधन ओतून पेटवलं, की जोर चार टनांवरून सहाच्या जवळ जातो. जोर दीडपट, पण इंधनाची भूक त्याहून कितीतरी जास्त. मी कागदावर केलेल्या हिशोबात जमिनीलगत आफ्टरबर्नर सतत चालू ठेवला तर दहा-बारा मिनिटांत टाकी रिकामी. नीट जपून उडवलं तर पाऊण तासाच्या आसपास. मामांना आकडे दाखवले तर म्हणाले, “पोट्ट्या, कागद काहून लागते? पोट लहान, भूक मोठी. आम्हाले पहिल्या दिवशीच सांगे.”

मामांचं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळंच आहे: हात घालायला जागा नाही. सगळं अंग इंजिनाभोवती घट्ट शिवलेलं. इंजिन काढायचं तर झाकण उघडून निघत नाही, विमानाची अख्खी शेपटीकडची बाजू जोडावर खोलून मागे ओढायची, मग इंजिन बाहेर. अंग बारीक ठेवण्याची किंमत फिटरच्या ढोपराने दिली, असं ते ढोपर दाखवून सांगतात.

एवढं सगळं सोडून मिळालं काय? सुमारे आठ टनांचं, स्वस्त, कारखान्यातून भराभर निघणारं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान. आपल्यासारख्या देशाला ही फार मोठी गोष्ट होती. आपण स्वतः प्रयत्न केला नव्हता असं नाही. बेंगळुरूला जर्मन डिझायनर कुर्ट टांक यांनी एचएफ-24 मारुत बनवलं, ते 1961 मध्ये उडालं. देखणं विमान! पण ज्या इंजिनवर डिझाइन बेतलं होतं ते कधी मिळालंच नाही. कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर ते आयुष्यभर आवाजाच्या उंबरठ्याशी घुटमळत राहिलं. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-104 दिली होती. आपल्याला मिग मिळालं.

आणि मग गंमत बघा. 12 डिसेंबर 1971, कच्छचं आखात. जॉन्सनचं ब्लेड आणि मिकोयानचा त्रिकोण समोरासमोर आले. दोन्ही विमानं पंधरा किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या दुप्पट वेगाने बॉम्बर अडवायला जन्मलेली. भेटली कुठे, तर समुद्राच्या पाण्यालगत. जामनगरचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी पाठलागावर. क्षेपणास्त्र सोडलं, ते चुकलं. मग त्यांनी कशाने पाडलं? तोफेने. तीच तोफ, जी डिझाइनमधून काढून टाकली होती. हवाई दलाने ती विमानाच्या पोटाखाली वेगळ्या पॉडमध्ये टांगून परत आणली होती. समोरचे वैमानिक विंग कमांडर मिडलकोट बाहेर पडले, पण पुन्हा कधी सापडले नाहीत.

त्याच महिन्यात ढाक्यात मिग-21 नी तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि 14 डिसेंबरला गव्हर्नर हाउसवर रॉकेटं मारली. इंटरसेप्टरने बॉम्बरचं काम केलं, आणि चांगलं केलं.

माझ्या मते गडबड इथून सुरू होते. चांगलं केलं ना, मग देत राहा काम. गस्त घाल, जमिनीलगत हल्ला कर, आणि नवीन मुलांना शिकवायलाही तूच. मूळ डिझाइनमध्ये जे-जे सोडलं होतं ते सगळं आता रोज लागायला लागलं. जमिनीलगत पक्षी धडकतात, आणि इंजिन एकच. बंद पडलं तर छोटा डेल्टा पंख फार तरंगू देत नाही, विचार करायला सेकंदं मिळतात. पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुट्या भागांची बोंब झाली ती वेगळीच.

जर्मनीने हीच चूक स्टारफायटरबरोबर केली होती. उंचावरचं विमान घेतलं आणि युरोपच्या ढगाळ हवेत खालून बॉम्ब टाकायला लावलं. 916 विमानांपैकी 292 गेली, 116 वैमानिक गेले. आपल्याकडे 2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: रशियाकडून घेतलेल्या मिग जातीच्या 872 विमानांपैकी निम्म्याहून जास्त गमावली, 482 अपघात, 171 वैमानिक, 39 नागरिक. यात मिगचे इतर प्रकारही आले, पण संख्येने मिग-21 च सगळ्यात जास्त होतं.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. इतक्या वेगात उतरणारं, चुकीला माफी न देणारं विमान द्यायचं असेल तर मधली पायरी हवी. साध्या ट्रेनरवरून थेट त्यावर नाही, मध्ये एक वेगवान प्रशिक्षण विमान. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं? आलं होतं. ला फाँटेन समितीने 1982 मध्येच हवाई दलासाठी प्रगत जेट ट्रेनर सुचवलं. हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये. ती दाखल झाली 2008 मध्ये. सव्वीस वर्षं! मी जन्मलो नव्हतो तेव्हाची फाइल, आणि मी शाळेत असताना निकाली निघाली. मधल्या काळात विशी-बाविशीतली पोरं किरणसारख्या संथ ट्रेनरवरून उठून मिगमध्ये बसत होती. दोन सीटांचं ट्रेनर मिग होतं, पण तेही मिगच, त्याच सवयींचं.

17 सप्टेंबर 2001 ला राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-21 रात्रीच्या उड्डाणात कोसळलं, ते गेले. ठपका वैमानिकाच्या चुकीवर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मानला नाही. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, म्हणजे घरात विमान कळत होतं. कविताताई वर्षानुवर्षं पत्रं लिहीत, प्रश्न विचारत राहिल्या. ‘रंग दे बसंती’ आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यातली मिगची बातमी सिनेमातली वाटते. या आईसाठी ती सिनेमातली नव्हती.

‘वैमानिकाची चूक’ हा शब्द वाचला की मला माझंच एक प्रकरण आठवतं. लाज वाटते, पण सांगतो. एका कंपनीत असताना आम्ही गोदामातल्या स्कॅनिंगसाठी अॅप लिहिलं होतं. रिक्वायरमेंट एकच: स्कॅन झटकन झालं पाहिजे. म्हणून मी नोंदी फोनच्या मेमरीतच ठेवल्या आणि जमतील तशा सर्व्हरला पाठवल्या. गोदामात वायफाय पक्कं, फोन चार्जरला लावलेले. कधी अडचण आली नाही. दोन वर्षांनी तेच अॅप डिलिव्हरीच्या गाड्यांवर दिलं. रेंज नाही, बॅटरी संपते. एका ड्रायव्हरचा फोन बंद पडला, त्याच्या अख्ख्या दिवसाच्या नोंदी गेल्या. माल पोचला नाही असं समजून पैसे त्याच्या पगारातून कापले. तिकिटावर कारण लिहिलं होतं: यूजर एरर. ते लिहिणारा मी. फोन चार्ज ठेवला नाही ना त्याने, म्हणून.

महिन्याभराने कोड परत वाचताना कळलं की तो वेग मी कुठून आणला होता. मग तिकीट उघडून कारण बदललं, नोंदी आधी फोनच्या स्टोरेजवर लिहायला लावल्या. स्कॅन थोडं हळू झालं. पैसे त्याला परत मिळाले, पण दोन महिने उशिरा. विमानाची आणि अॅपची बरोबरी नाही हे मला कळतं. तिकडे माणसं गेली, इकडे पगार कापला गेला. फक्त ते दोन शब्द लिहिणं किती सोपं असतं, ते मी माझ्या हाताने पाहिलंय.

म्हणून मिग-21 वाईट होतं का, असं कुणी विचारलं की मी ‘कधीचं आणि कशासाठी’ विचारतो. 1963 मधलं, वीस मिनिटांत बॉम्बर अडवायचं मिग? त्या पैशांत आणि त्या वजनात त्याहून चांगलं फार कमी होतं. ब्रिटिशांच्या लाइटनिंगने तर दोन इंजिनं एकावर एक रचली, रॉकेटसारखं चढायचं, आणि इंधनाची बोंब तिथेही तीच. मिगने केलेले सौदे चुकीचे नव्हते. ते मोडून नवे करायला कुणी बसलंच नाही. विमान तेच, काम बदलत गेलं, आणि फरक कॉकपिटमधल्या माणसाने भरायचा. शेवटी-शेवटी बायसन नावाने नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं बसवली, डोळे खूप सुधारले. पण पंख तेच, उतरण्याचा वेगही जवळपास तोच.

निवृत्तीचा कार्यक्रम मामांना माझ्या फोनवर परवा दाखवला. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः मिग उडवलं, पाण्याची सलामी झाली, भाषणं झाली. मामा काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळे भरून येतील वगैरे, तसं काही झालं नाही. एका ठिकाणी म्हणाले, “थांब, मागं घे.” मी मागे घेतलं. विमान आडवं जातानाचं दृश्य होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि पंखाच्या मागे, शेपटीकडच्या जोडावर अंगठ्याचं नख ठेवलं.

“इथून खोलत होतो,” म्हणाले.